चौदा नंबरची चिठ्ठी

प्रिय दोरोता,

फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, हंसाच्या पायाला शाई लागावी आणि तो कागदावरून चालत जावा, तसं. पाचवीतून काढून मला हंस राखायला लावलं, तेव्हापासून माझी ओळ काही सरळ जात नाही. पण या खेपेला मी सावकाश लिहितेय, वेळ आणि जागा सांगून. का ते शेवटी कळेल.

इकडं सगळं जिथल्या तिथं आहे. मोठ्या हंसिणीनं पिल्लं काढली, सात. बोझेना रोज कुंपणावर कोपरं टेकून उभी असते. काल म्हणाली, "काय गं फिलोमेना, नात पळाली म्हणे तुझी?" मी म्हटलं, "पळाली नाही, मैत्रिणीकडे त्रनावाला गेलीय. पळाला तो तुझा नवरा." मग दोन दिवस कुंपण मोकळं होतं. पण लोक बोलतात गं. बेकरीत शिरले की बोलणं थांबतं आणि बाहेर पडले की पुन्हा सुरू होतं. माझं मी बघून घेईन. बोलतात ते तुझ्याबद्दल, आणि ते मला गिळवत नाही.

तू धुऊन ठेवलेल्या बरण्या अजून तशाच फळीवर उपड्या आहेत. अकरा बरण्या. चेरी पिकायला लागल्या, मुरंब्याला बरण्या हव्यात, पण माझा हात तिकडं जात नाही. त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या तू ओल्या फडक्यानं पुसून काढल्यास, तरी 'गेट'च्या बरणीवर डिंकाचा चौकोन राहिलाच आहे.

मागच्या शरद ऋतूत तू त्या बरण्या मागितल्यास तेव्हा मी किती कटकट केली होती! काकड्या कुठं घालू, म्हणाले. तू म्हणालीस, "आजी, काकड्या एक वर्ष थांबतील, माझी परीक्षा थांबणार नाही." एकेका बरणीवर इंग्रजांचं एकेक क्रियापद, आणि आत कागदाच्या पट्ट्या, पट्टीगणिक एक अर्थ. आपल्याकडं कसं आहे? मिळालं म्हणजे मिळालं, पोचले म्हणजे पोचले, उतरले म्हणजे उतरले, म्हातारी झाले म्हणजे म्हातारी झाले. ज्या कामाला जो शब्द, तो तिथंच. त्यांचं एकटं 'गेट' या सगळ्या घरांत जेवायला जातं. 'गेट'ची बरणी भरून झाकण बसेना, तेव्हा मी म्हटलं, ही काय भाषा म्हणायची, ज्या पातेल्यात सूप त्याच पातेल्यात धुणं! उलट आपण केकही करतो आणि अभ्यासही करतो, तर तिथं त्या दोन्हींना दोन वेगळे शब्द. नको तिथं काटकसर आणि नको तिथं उधळपट्टी. तू वैतागायचीस. 'टेक'च्या बरणीपाशी तर एकदा रडलीस. फोटोलाही तेच, औषधालाही तेच, बसलाही तेच, परीक्षेलाही तेच. "मी कधीच शिकणार नाही, आईसारखीच होणार," म्हणालीस.

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. तुझ्या आईला आयर्लंडला जाऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं ती अंधाऱ्या शेडमध्ये अळंबी खुडतेय. तिथला मुकादम काही बोलला की ती मान हलवते. कळलं तरी हलवते, नाही कळलं तरी हलवते. फोनवर हसत सांगते, "आई, मान हलवून हलवून माझी मान दुखायला लागलीय." मला हसू येत नाही. माझी अलित्सा लहानपणी अशी होती की गावच्या पाद्रीबाबांना उलटून बोलायची. तिच्याकडे बोलायला तोंड होतं, तिकडं जाऊन ते मिटलं. तू तिकडच्या नर्सिंगच्या शाळेत जाणार, म्हणजे आजारी माणसांशी बोलायचं काम. तिथं नुसती मान हलवून कसं चालेल? मी पट्ट्या काढून तुला विचारायला बसले ते याचसाठी.

आणि मला इंग्रजी काय येणार? मी आपलं लिहिलेलं तसं वाचायची. टाके. माके. तू बाकावर आडवी पडून हसायचीस. मग तू लबाडी शोधून काढलीस, आठवतं? मी पगाच्यांचं, त्या छोट्या खारट पावांचं, पीठ मळता मळता पट्ट्या काढायची, माझ्या हाताला हंसाची चरबी, आणि चरबी लागली की कागद आरपार दिसतो. ज्या पट्टीवर माझा अंगठा पडला ती तू नुसत्या बोटानं ओळखायचीस. डोळे मिटून बरणीत हात घालायचीस आणि म्हणायचीस, "ही 'थकून जाणं'ची, आजी, हिला तुझ्या अंगठ्याचा वास आहे." आपण दोघी हसायचो. खेळ होता तो. घरातला, आपल्या दोघींचा.

आता परीक्षेचा दिवस. हे नीट वाच.

तू म्हणाली होतीस, "आजी, तू काही आणू नकोस, बाकीच्यांच्या आया आणतायत." पण ज्या घरचं मूल तोंडी परीक्षेला बसतं, त्या घरानं परीक्षकांच्या टेबलावर काही ठेवायचं नाही, असं आपल्या गावात झालंय कधी? तुझ्या आईच्या वेळी मी आजारी होते, काहीच घेऊन गेले नाही, तर लोक ते अजून काढतात. मी पगाचे केले, हंसाच्या चरबीतले. गावात बाकी सगळ्या डुकराची चरबी वापरतात, हंसाची फक्त मी, हे शाळेतल्या शिपायालासुद्धा माहीत आहे. तेव्हा ते सुचलं नाही.

मी वर्गात शिरले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात आठला वीस मिनिटं कमी होती. टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं होतं. मधोमध काचेचं भांडं, त्यात विषयांच्या चिठ्ठ्या, दुमडलेल्या, एक ते तीस. तुमच्या इंग्रजीच्या क्रायची बाई म्हणाल्या, "फिलोमेनाबाई, ताटं खिडकीकडच्या बाजूला मांडा, मी कॉफीचं बघून येते." आणि गेल्या. खोलीत मी एकटी. खिडकीतून खाली अंगण दिसत होतं आणि अंगणात तू उभी होतीस, पांढऱ्या ब्लाउजमध्ये, तुझ्या वर्गातल्या कोर्नेलियाबरोबर. तू वर आली नव्हतीस. एकदाही नाही. तुझे ओठ हलत होते, तू बरण्या म्हणत होतीस. तुझा चेहरा चुन्यासारखा झाला होता. मला अलित्सा दिसली, शेडमध्ये मान हलवणारी.

चौदा नंबरचा विषय आरोग्य, तो तुला झोपेतही येत होता. मी चिठ्ठ्या उलगडत गेले. सहावी उघडली ती चौदा निघाली. अंगठा पगाच्यावर दाबला, मग चिठ्ठीवर दाबला, दुमडली, परत टाकली. क्रायची बाई कॉफी घेऊन आल्या तेव्हा मी ताटावर रुमाल नीट करत होते. या सगळ्याला पाव तासही लागला नाही.

नंतर मी शेजारच्या छोट्या खोलीत कॉफीचे कप धुवायला थांबले. दार बोटभर उघडं होतं, ते मीच ठेवलं होतं. तू आलीस. भांड्यात हात घातलास. तुझा हात आत थांबला, दोरोता. मी पाहिलं. तुला चरबी लागली आणि तुला कळलं. तू हात बाहेर काढलास, बोटं स्कर्टला पुसलीस, पुन्हा हात घातलास आणि दुसरी चिठ्ठी काढलीस. नऊ. प्रवास. तुझा सगळ्यात नावडता विषय, चढणं, उतरणं, पोचणं, सगळ्या त्या 'गेट'च्या भानगडी.

मला वाटलं, संपलं. हातातला कप तसाच धरून मी उभी राहिले. तू बोलायला लागलीस. मला बाकी एक अक्षर कळत नव्हतं, पण ते 'गेट' कळत होतं, आठ महिने मीच तर ते बरणीतून काढत होते. 'गेट ऑन' म्हणालीस, म्हणजे चढलीस. 'गेट ऑफ' म्हणालीस, उतरलीस. मग 'लॉस्ट' आलं आणि मी दाराला आणखी चिकटले, जशी काही तू खरंच कुठं हरवलीस. परीक्षा मंडळाच्या अध्यक्षांनी काहीतरी विचारलं, तू थांबलीस. आत कुणाचा तरी चमचा बशीवर वाजला. आणि मग तू हळूच बोललीस, शेवटी 'होम' म्हणालीस, आणि क्रायची बाई हसल्या. मी मोजलं. तेरा वेळा 'गेट', आणि एकदाही त्यांनी तुला अडवलं नाही. तुला माझ्या अंगठ्याची गरज नव्हती. हे मला तिथं दाराआड कळलं, आणि तेव्हा चौदा नंबर भांड्यात तसाच पडलेला होता.

तो कोर्नेलियाच्या हाताला लागला. तिनं बिचारीनं उघडून अध्यक्षांना दिला. ते बाहेरगावच्या शाळेतले, त्यांना आमची कुणाची ओळख ना पाळख. त्यांनी बोटं चोळली, नाकाशी नेली, आणि माझ्या ताटाकडं पाहिलं. "हे काय आहे?" म्हणाले. मग त्यांना आठवलं की आधीच्या मुलीनं बोटं पुसली होती. तुला परत बोलावलं. तुझ्या स्कर्टवर डाग होता. विचारलं, ही खूण कुणी केली. तू मान खाली घालून उभी राहिलीस. मी दारापलीकडे कप पुसत होते. एकच कप, पुन्हा पुन्हा.

इथपर्यंतचं तुला माहीत आहे किंवा तू ताडलं असशील. पण पुढचं तू पाहिलंस, आणि तेच मला लिहायला जड जातंय. दुसऱ्या दिवशी दुपारी मुख्याध्यापिकेचा फोन आला. तू टेबलापाशी बसली होतीस, वाटाणे सोलत होतीस. त्यांनी विचारलं, "फिलोमेनाबाई, काल चिठ्ठ्यांना तुमचा हात लागला होता का?" तू सोलायचं थांबवलंस. माझ्याकडं पाहत राहिलीस. मी म्हटलं, "मला काय कळतंय बाई, मी पाचवीपर्यंत शिकलेली, मी आपली ताटं मांडली आणि आले." फोन ठेवला. तू वाटाणे पूर्ण सोललेस. मग उठून बरण्या खाली काढल्यास, पट्ट्या चुलीत टाकल्यास, बरण्या धुतल्यास, आणि पिशवी भरून साडेचारच्या बसनं गेलीस. मी तुला म्हणाले, "जा, जा, चार दिवस हवापालट होईल." असं म्हणाले मी! जशी काही तू जत्रेला निघाली होतीस.

मी आयुष्यभर अडाणीपणाचा पदर ओढून बसले. सरकारी माणूस आला, कळत नाही. डॉक्टर बोलला, कळत नाही. फार सोयीचा पदर आहे तो. पण त्या दिवशी त्याच्याखाली मी लपले आणि तू बाहेर उघड्यावर राहिलीस.

क्रायची बाई परवा येऊन गेल्या, चहासुद्धा घेतला नाही. मंडळ पुढच्या सोमवारी, साडेआठला शाळेत बसणार. तोवर तुझा निकाल अडवून ठेवलाय. लबाडी ठरली तर परीक्षा रद्द, आणि पुन्हा बसायचं ते थेट सप्टेंबरात. आयर्लंडच्या शाळेला कागद या महिन्याच्या अखेरीस हवाय. तू अजूनही त्यांना एक शब्द सांगितलेला नाहीस, असं त्या म्हणाल्या. म्हणाल्या, "पोरगी कुणाला तरी वाचवतेय, फिलोमेनाबाई." आणि माझ्या हातांकडं पाहिलं.

म्हणून वेळ लिहिली, भांडं लिहिलं, कितवी चिठ्ठी उघडली ते लिहिलं, तू अंगणात कुणाबरोबर उभी होतीस तेही लिहिलं. चार दिवस लागले मला, कारण हे पत्र मी दोनदा लिहिलंय. एक तुझ्या हातात आहे. दुसरं, अक्षर न् अक्षर हेच, फोनवर खोटं बोलले तेही धरून, मुख्याध्यापिकेच्या टेबलावर आहे, मी आज सकाळी स्वतः नेऊन ठेवलं. तू मला वाचवायचं म्हणशील तर आता उशीर झालाय. सोमवारी मंडळापुढं ते मोठ्यानं वाचतील. गावाला दुपारपर्यंत कळेल आणि बोझेनाला त्याच्याही आधी. सोमवारी तू ये. पांढरा ब्लाउज मी धुऊन इस्त्री केलाय, स्कर्टवरचा डाग मात्र निघाला नाही, दुसरा घाल. कदाचित ते तुला पुन्हा चिठ्ठी काढायला लावतील, काढ, कुठलीही. मी सकाळीच शाळेत येतेय आणि या वेळी दाराच्या आत उभी राहणार आहे. पगाचे आणणार नाही. हात साबणानं धुऊन, रिकामे घेऊन येईन, आणि अध्यक्षांनी दाखव म्हटलं तर दाखवीन.

तुझीच, आणि या वेळी ज्याला विचारायचं त्याला विचारू दे म्हणणारी,
फिलोमेना आजी