रेडिओक हात लावूचो नाय

आई, तुझा रेडिओ आता काचेत आहे. परळला, आमच्या संग्रहालयात, कॅरम बोर्ड आणि बुलबुल तरंगाच्या मधे. खाली पाटी लावलेली आहे, ‘वस्तूंना हात लावू नये’. ती वाचली की मला हसू यायचं, कारण हेच वाक्य लहानपणी तुझ्या तोंडून मी रोज ऐकलंय. “रेडिओक हात लावूचो नाय!” गेल्या आठवड्यापासून मात्र हसू येत नाही. भीती वाटते. ही भीती जिला समजावून सांगत बसावं लागणार नाही अशी एकच बाई मला माहीत आहे आणि ती तू आहेस, म्हणून लिहायला बसले.

माझी ही नोकरी तू पाहिली नाहीस. गिरणगावातल्या चाळी पाडायला घेतल्या की माळ्यांवरून काय काय निघतं. फुटकी ढोलकी, तुटलेल्या फितीच्या कॅसेटी, सोंगट्यांची पिशवी, चिकटपट्टी लावलेलं माउथ ऑर्गन. माणसं दिवसभर राबून आल्यावर ज्यावर जीव रमवायची त्या वस्तू. लोकांना टाकवत नाहीत आणि नव्या फ्लॅटमध्ये ठेवायला जागा नसते, मग ते आमच्याकडे आणून देतात. मी वस्तू तपासते, वाजणारी असेल तर वाजवून बघते, आणणाऱ्याला समोर बसवून त्याच्या आठवणी रेकॉर्ड करते आणि मग त्या वस्तूबद्दल चार ओळी लिहिते. थोडक्यात सांगायचं तर ऐकण्याची नोकरी आहे. तुझ्या मुलीला ऐकण्याचा पगार मिळतो!

तर गेल्या आठवड्यात लालबागच्या एका बाईंनी एक छोटी पेटी आणून दिली. झाकण उघडलं की बाहुली गोल फिरते आणि बारीक आवाजात धून वाजते, तसली. त्यांच्या भावाने आखातातून आणली होती. बाई गेल्यावर मी चावी दिली, झाकण उघडलं. बाहुली फिरली, आवाज नाही. पेटी कानाला लावली. तरीही नाही. बिचारीचं यंत्र गेलं म्हणून मी ‘वाजत नाही’ असं लिहिलं आणि ती हातात धरून बाहुलीकडे बघत बसले. तेवढ्यात माझ्याबरोबर काम करणारी मुलगी, तुझ्या नातीएवढीच असेल, आत आली आणि म्हणाली, “मॅडम, किती गोड वाजतंय ना! पण आता बंद करा हां प्लीज, मघापासून तेच तेच, डोक्यात बसलंय माझ्या.”

मी पेटीकडे बघितलं. बाहुली फिरत होती आणि तळहाताला मुंग्या आल्यासारखं काहीतरी बारीक थरथरत होतं. ते गाणं होतं, आई. माझ्या हाताला लागत होतं आणि कानाला लागत नव्हतं. “हो गं, किती वेळ चालते तेच बघत होते,” मी म्हटलं. थाप कशी झटकन आली तोंडात, तुझ्याच पोटची शोभले. ती गेल्यावर मी ‘वाजत नाही’ खोडलं. इतक्या जोरात की कागद फाटला.

तसं आधीच कळायला हवं होतं. करोनात सगळ्यांनी तोंडं झाकली तेव्हा मला लोकांचं बोलणं समजेनासं झालं. मी मास्कला बोल लावला. मास्क निघाले तसं पुन्हा समजायला लागलं आणि मी खूश झाले. मी तोंडं वाचत होते हे तेव्हा लक्षात आलंच नाही.

तू तोंडं वाचायचीस. आपली लालबागची खोली आठवते, वरच्या मजल्यावरची, लाकडी फळ्यांच्या जमिनीची. भिंतीला लागून दोन पंगती, कोकणातून एकटे आलेले गिरणीवाले बाप्ये, आणि मधून भाताचं पातेलं घेऊन फिरणारी तू. खानावळीत तुझा हात धरणारी दुसरी बाई त्या चाळीत नव्हती. शेल्फवर तो रेडिओ, सकाळपासून मोठ्याने लावलेला, आणि येता-जाता तू त्यावर तळवा ठेवायचीस. मला वाटायचं, तापलाय का बघतेस. एकाने विचारलं, “वयनी, चहा झालो?” तर तू म्हणालीस, “हो, दहा वाजले.” सगळी पंगत हसली, तूही हसलीस. मोठ्या मिशीवाले एक काका होते, त्यांचं तुला काहीच कळायचं नाही, म्हणून त्यांच्या ताटात न मागता सगळं पडायचं. ते बिचारे तसेच जाड होत गेले. बाबा वैतागायचे, “हिका काय सांगूक नको, हिचा लक्षच नसता.” चाळीत सगळे म्हणायचे, बाईला गाण्याचं भारी वेड. परीक्षेच्या दिवसांत मी एकदा रेडिओ हळू केला, तर तू हातातला डाव टाकून धावत आलीस आणि माझ्या पाठीत धपाटा घातलास. मी रडत रडत गॅलरीत जाऊन बसले. आईला माझ्या अभ्यासापेक्षा गाणी प्यारी, असं त्या दिवशी मी मनाशी ठरवूनच टाकलं.

मग ती दुपार. जेवणं उरकलीत, खोलीत आपण दोघीच. तू माझ्याकडे पाठ करून कांदे चिरते आहेस, रेडिओवर गाणं चाललंय, तुझी मान हलते आहे. फ्यूज जातो. गाणं मधेच तुटतं. तुझी मान हलतच राहते. मी तुला हाक मारते. तू चिरते आहेस, डोलते आहेस. मी पुन्हा हाक मारते, जोरात, आणि आता मला भीती वाटायला लागते, कारण माझी आई हातभर अंतरावर आहे आणि तिच्यापर्यंत पोचता येत नाही. मग तू उठतेस, सवयीने रेडिओवर तळवा ठेवतेस आणि तुझा चेहरा उतरतो. “लाईट गेली काय गो?” तू वळून विचारतेस. मग माझं तोंड बघतेस आणि तुला सगळं कळतं. तू मला जवळ ओढतेस. तुझ्या बोटांना कांद्याचा वास आहे. “कोणाक सांगू नको हां. तुज्या बापाशीक पण नाय. बायल भयरी म्हटल्यार जेवूक कोण येतलो?” मी मान हलवते. तो शब्द मी अजून मोडलेला नाही.

पण एक गोष्ट तेव्हा मला कळली नव्हती. जे ऐकू येत नाही ते इतक्या मोठ्याने कशाला लावायचं? ते या आठवड्यात कळलं, आणि कळलं तेव्हा मी माझ्याच टेबलापाशी बसले होते. टेबलावर एक जुना ट्रान्झिस्टर असतो, तो मी दिवसभर चालू ठेवते. आलेल्या माणसाला जरा जुन्या दिवसांत गेल्यासारखं वाटावं म्हणून, असं मी साहेबांना सांगितलंय. त्या दिवशी मी तो बंद केला, तर समोर बसून आठवणी सांगणाऱ्या बाईंचा आवाज एकदम खाली आला आणि शब्द हरवले. पुन्हा लावला, बाई ओरडून बोलायला लागल्या, आणि सगळं लख्ख ऐकू आलं. तुला गाण्याचं वेड नव्हतंच. रेडिओ मोठा असला की सगळ्यांना मोठ्याने बोलावं लागतं आणि कुणी विचारत नाही की कुणासाठी. काचेखालच्या माहितीत मी लिहिलंय, ‘खानावळ चालवणाऱ्या बाईंना संगीताची अतिशय आवड होती. जेवायला बसलेले कामगार जमिनीवर थाप मारून गाण्याला ताल धरत.’

मला खरी धास्ती आहे ती तुझ्या शेवटच्या वर्षांची. गिरणी बंद पडली, जेवणारे गावी गेले, रेडिओही बिघडला. मोठ्याने बोलायला कुणाकडे कारण उरलं नाही. घरातली माणसं खुणांवर आली. जेव. ऊठ. चल. सगळे हसले की तू हसायचीस, थोडी उशिरा. मी गॅलरीच्या दारातून तुला बघायचे आणि मला त्या दुपारसारखंच वाटायचं. आता वाटतं की दारात माझी लेक उभी आहे आणि खुर्चीत मी. मला ठाऊक आहे, आता कानात घालायची यंत्रं मिळतात, दिसतसुद्धा नाहीत. पण यंत्राआधी कान तपासायची ती छोटी बंद खोली येते. कानाला हेडफोन लावतात आणि ऐकू आलं की बटण दाबायचं. मी दोनदा वेळ घेतली, दोन्ही वेळा हॉस्पिटलच्या फाटकावरून परत फिरले. मी अंदाजाने बटण दाबीन, आई. मला माझी खात्री आहे.

काल खानावळीतले एक काका आले होते. ऐंशी पार केलेले, नातवाच्या आधाराने, भजनी मंडळाच्या झांजा द्यायला. मी कोण ते सांगितलं तर डोळ्यांत पाणी आणलं. रेडिओपाशी नेलं तर काचेवर नाक टेकवून बघत राहिले. नातवाने माहिती वाचून दाखवली आणि काका खो खो हसायला लागले.

“कसली आवड! अगो, तिका आयकाक खंय येय?”

मी म्हटलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“सगळ्यांका म्हायत होता. आमी साचा खात्यातली माणसा. दिवसभर त्या मागांच्या खडखडाटात आमचे कान तरी खंय धड होते? आमका पैल्याच दिवशी कळला.”

“आणि ताल?”

“ताल खंयचो! आमटी हवी आसली की जमनीर थाप मारायची. फळ्यांतसून तिच्या पायाक कळायचा. वळान बघायची बिचारी.”

“मग कुणी बोललं का नाही?”

“कित्याक बोलूचा?” काका म्हणाले. “ती इतक्या मेहनतीन लपवता हा, आमी कशाक इस्काटूचा? तुजो बापूसच काय तो येडो.”

तुला हे माहीत होतं का? नसावं. तू मरेपर्यंत घाबरत राहिलीस आणि सगळी पंगत तुझ्यासाठी घसा फोडत होती. काल रात्रभर मला ते बरं वाटत होतं, आणि आज सकाळी कामावर गेले तेव्हा बरं वाटणं संपलं. कारण ती मुलगी माझ्याशी बोलायला आली की आधी टेबलावर बोटांनी टकटक करते. मग वळसा घालून समोर येते, केस मागे घेते आणि सावकाश बोलते. मला वाटायचं, लाडिकपणा आहे हल्लीच्या मुलींचा. ती टकटक कधीपासून करते आहे ते मला आठवत नाही. खूप दिवसांपासून असणार.

काचेखालची माहिती बदलायला हवी. मी बदललेली नाही. बदलली तर कुणीतरी विचारेल की मॅडम, तुम्हाला हे कसं कळलं. आणि हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा ते इथेच माझ्या ड्रॉवरमध्ये राहील. फक्त आजचं एक तुला सांगते, दुसऱ्या कुणाला नाही. दुपारी तिने टेबलावर टकटक केली. मी वर बघितलं. तिने ओठ उघडले आणि पुन्हा मिटले, मला ऐकू येत नाही का, ते तिला विचारायचं होतं हे तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं, आणि सांगून टाकायला याहून बरी वेळ मला मिळणार नव्हती. मी हात लांब केला आणि ट्रान्झिस्टर मोठा केला.