चाळीस चिठ्ठ्या

सांगली, २८ डिसेंबर

प्रिय संयोगिता,

नव्या वर्षाची वचनाची चिठ्ठी पोस्टानं पाठव, असा तुझा निरोप आला. चिठ्ठी पाठवत नाही. फोन केला असता तर तू रडली असतीस आणि मी नेहमीसारखी खोटं बोलले असते, म्हणून हे पत्र.

माझे बाबा पाळक होते तेव्हा चर्चमध्ये लाइट गेली तरच मेणबत्ती लागायची. घरावर नाताळची चांदणीसुद्धा नाही. जे शास्त्रात नाही ते आपल्यात नाही, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि मी त्यांचीच लेक. तू यशराजशी लग्न होऊन आमच्या चर्चच्या मंडळीत आलीस आणि कपाळाला राख लावायचा तो राखेचा बुधवार आणलास, मेणबत्त्यांची फेरी आणलीस, आणि एक जानेवारीला ताटात बायबलातल्या वचनांच्या चिठ्ठ्या. डोळे मिटून एक उचलायची, तोच देवाचा वर्षभराचा शब्द! ज्योतिष्याकडं निदान पोपट तरी असतो, असं मी म्हणायचे. आणि अक्षर चांगलं म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याच गळ्यात.

चार वर्षांपूर्वी वैतागून मी चाळीसच्या चाळीस चिठ्ठ्यांवर एकच वचन लिहिलं, परमेश्वराची वाट पाहत शांत राहण्याचं. सगळे मोठ्यानं वाचतील, एकमेकांकडं बघून हसतील आणि हे खूळ संपेल, असं मला वाटलं. कुणी हसलं नाही. म्हातारी रंगूबाई उठून ओरडली, "आवं, द्येव समद्यांशी एकदम बोलला की!" नव्या पाळकांनी गुडघे टेकले. बाहेर पडताना तू मला सांगितलंस, यशराजच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन करायचं की नाही ते चिठ्ठीवर सोडलं होतं, आता मिरजेची तारीख रद्द करते.

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण पाळक त्याला चमत्कार म्हणून मोकळे झाले होते, आणि मला मंडळीसमोर खोटारडी ठरायचं नव्हतं. शिवाय खरं सांगते, मनात आलं, बघू दे हिला हिच्या ताटाचा प्रताप. फेब्रुवारीत यशराज गेला. देवानं थांबायला सांगितलं, मी थांबले, असं तू दफनाच्या वेळी म्हणत होतीस आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते.

जतला राहायला गेल्यावरही तू त्याच एका वाक्यावर उभी आहेस. ते मी आज काढून घेते. देव तुझ्याशी काही बोलला नव्हता. गॅसवर भाजी चढवून, निळ्या बॉलपेननं मी लिहिलं होतं.

प्रीतीची झडपही बापासारखीच निघाली, आणि सहा तारखेला तिला दाखल करायचं की नाही ते चिठ्ठी आल्यावर ठरवीन, असं तू कळवलंस. पाळकांना मी काल सगळं सांगून टाकलं, यंदा ताट नाही. मला शिव्या दे, माझं तोंड पाहू नकोस, मी मेले तरी मातीला येऊ नकोस. पण सहाला पोरीला घेऊन मिरजेला जा. यशराजला आपण दोघींनी मिळून मारलं. हिला मारलंस तर तू एकटी मारशील.

तरीही तुझीच,
विजयमाला