आबांना संवाद नाही

६ जानेवारी
टायपिंगच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर गेला. दुरुस्तीवाला म्हणाला, खाऱ्या हवेने आतून गंजलाय, टाकून द्या. लॅपटॉप आणला. वजनाला ताटाएवढा. आत काही भरलेलं नाही. लिहायचं तेसुद्धा इंटरनेटवर, ब्राउझरमध्ये. सेव्हचं बटण नाही. दिवसभर हात तिकडेच जात होता.
दोन अर्ज, एक भाडेकरार टाइप केला. मग जुनी नाटकं उघडून पाहिली. जुना फॉन्ट याला कळत नाही. नुसते कंस, टिंबं, इंग्रजी अक्षरं. प्रकाशदादाची नि माझी सगळी नाटकं तशीच. असो. छापील प्रती आहेत.

९ जानेवारी
लतावहिनींचा उरणहून फोन. दिवाळीत प्रकाशदादाला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून दोघं तिथे लेकीकडे. उजवा हात नाही, वाचा नाही. समजतं सगळं. "दिवसभर भिंतीकडं बघत बसतात. तुमचं ते नाटकाचं काय तरी द्या ना त्यांना."
दरवर्षी जत्रेत आमच्या मंडळाचं नाटक असतं. इतकी वर्षं तो बोर्लीच्या या दुकानात येरझाऱ्या घालत सगळी पात्रं स्वतः बोलायचा, मी टाइप करायचे. मधे मधे माझी वाक्यं घुसवायचे. त्याला कळायचं, पण कधी काढली नाहीत. स्टेजवर मुख्य काम नेहमी त्याचंच.
यंदा मी एकटीच लिहितेय. फाइल त्यालाही तिथे उघडून लिहिता येईल अशी करून पाठवली.

१० जानेवारी
दुपारी स्क्रीनवरच्या कागदावर माझ्या लुकलुकत्या रेघेखेरीज दुसरी रेघ आली. हिरवी, वर त्याचं नाव. डाव्या हाताचं एक बोट असणार. एक अक्षर, थांबणं, पुसणं, परत तेच. सरपंचाच्या भाषणात मधेच उमटलं: सुमन चहा घेतलास का.
खाली "हो" लिहिलं. मग दोन्ही पुसलं, नाहीतर नाटकात राहिलं असतं.

१५ जानेवारी
सकाळपासून नेट नाही. लिहिता तरी येत होतं, तसंच लिहीत राहिले. नेट आल्यावर लॅपटॉपने दोघांचं आपणहून जोडून घेतलं. नाटकातल्या दोन भावांचं घर विकण्यावरून भांडण, मी लिहिलेलं आणि प्र.दाने लिहिलेलं, एकाखाली एक. त्याचं बरं होतं. माझं काढलं.

१९ जानेवारी
प्र.दाने नवीन पात्र घातलंय. "आबा. (ओटीवर बसलेले. काही बोलत नाहीत.)" पहिल्या प्रवेशात, दुसऱ्यात, सगळ्यांतच. विनोदी नाटकात हा मुका म्हातारा कशाला? बाजूला शेरा टाकला, आबांची गरज काय? संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. आबांना काढलं.

२० जानेवारी
आबा परत आलेत.

२१ जानेवारी
शेऱ्याला उत्तर आलं. "आबा मी करनार."
नंतर काही टाइप झालं नाही. गिऱ्हाईकाला उद्या ये म्हटलं.

२४ जानेवारी
सुरेश आला होता. मंडळाचा अध्यक्ष, प्र.दाचा चुलतभाऊ. त्याला सांगितलं.
"ताई, लोक हसायला येतात. दादाला असं बघून बायका रडायला लागतील. आणि पडला स्टेजवर तर?"
"बसूनच तर आहे."
"तेच ना." मग म्हणाला, आबा काढून टाका, त्याला काही कळवू नका. काढलं की प्र.दाला तिथे लगेच दिसतं, हे सुरेशला समजावून सांगावं लागलं.

२५ जानेवारी
वहिनींना फोन. त्याला आबा करायचेत हे त्यांना ठाऊकच नव्हतं. "मी न्हाय आणणार. ज्यांनी त्यांना स्टेजवर उड्या मारताना बघितलंय, त्यांच्यासमोर बसवून ठेवू? हसं करायचंय का त्यांचं?" मागे काहीतरी आपटल्याचा आवाज. फोन ठेवला.
त्यांचंही बरोबर आहे.
फाइलच्या आधीच्या आवृत्त्या उघडता येतात. उघडल्या. थोरल्या भावाचं एक वाक्य लिहायला त्याची अख्खी दुपार गेलेली. सात-आठ शब्दांचं वाक्य. चांगलं आहे.

२८ जानेवारी
आबांशिवायची वेगळी प्रत केली. त्याला दिली नाही. वाचून पाहिली. दोघे भाऊ भांडता भांडता मधेच अडतात, आवाज खाली आणतात. कोणासाठी ते आता कळत नाही. ओटी रिकामी. प्र.दाने वाक्यं तशी कधी वळवून ठेवली, माझ्या लक्षातच आलं नाही.
आबांना ठेवावं तर वहिनी. काढावं तर नाटक लंगडं आणि तो…

१ फेब्रुवारी
उद्यापासून तालीम. सुरेशला संध्याकाळी प्रती हव्यात.
दुपारी फाइल उघडली. शेवटच्या प्रवेशात धाकटा विचारतो, "आबा, ऐकताय ना?" त्यावर पडदा होता. आता खाली आणखी एक ओळ.
आबा : हाय.
उरणला फोन लावला. मी काही विचारायच्या आत वहिनी म्हणाल्या, "सकाळपासून एकच शब्द घोटतायत." राग नव्हता. दमल्या होत्या.
"निघतो?"
"कधी निघतो. कधी नुसता वारा."
मागून घशातला आवाज येत होता. शब्द मला काही ओळखता आला नाही. मग वहिनींनीच विचारलं, "जत्रा नक्की कधी हाय?"
सांगितलं. येतो म्हणाल्या नाहीत. येत नाही असंही म्हणाल्या नाहीत.
सुरेश बाहेर गाडी लावतोय. आबांची नि आबांशिवायची, दोन्ही प्रती समोर उघड्या. प्रिंटर चालू केलाय, तापायला वेळ घेतो.