शेवटचं रीळ आधी

आप्पा, तुमच्या आवडत्या नटीवरची माझी चित्रकादंबरी पुरी झाली. चित्रकादंबरी म्हणजे पानापानावर चौकटी, चौकटीत चित्रं. तुमच्या मशीनमधून फिल्म सरकायची तशी वाचणाऱ्याची नजर सरकत जाते. माझी नटी पहिल्याच पानांत मरते. मग ती पत्र्याच्या डब्यातून बाहेर येते, साडीचा काठही न भिजवता गोदावरी ओलांडते, पान उलटेल तशी तरुण होत जाते आणि शेवटी राजूरच्या बाजारात बसून हातभर बांगड्या भरून घेते. प्रकाशक म्हणतात, बाईंचं आयुष्य सरळ क्रमाने लावा, नाहीतर आम्हाला छापता येणार नाही. मेलेलं माणूस बाजारात कसं जाईल? मी म्हटलं, जातं, मी स्वतः पाहिलंय.

बहात्तरच्या दुष्काळाआधीचा हिवाळा होता. आई त्याच पावसाळ्यात गेली होती आणि मला सांभाळायला घरी कुणी नव्हतं, म्हणून तुम्ही मला तंबू टॉकीजबरोबर गावोगाव न्यायचात. तुम्ही मशीन चालवायचात, मी शेजारी पोत्यावर बसायची. कोपरगावच्या खेळात ती नटी शेवटच्या रिळात खाटेवर डोळे मिटते, हे पाहून मी अशी काही रडले की दुसऱ्या दिवशीही भाकरीला हात लावला नाही. तुम्ही समजूत घालणाऱ्यातले नव्हतात. एवढंच म्हणालात, "रडू नगं. राजूरला बघू."

राजूरला बाजाराच्या दिवशी तंबू उभा राहतो. डोंगरातल्या वाड्यांवरून माणसं उतरलेली असतात, कनातीच्या अलीकडे बाया, पलीकडे गडी. मशीन एकच, त्यामुळे रीळ बदलताना दर वेळी दिवे लागतात. मध्यंतरानंतर तुम्ही डबा उघडता आणि नटी मरते. सगळा तंबू डोळे पुसतो. दिवे लागतात, विझतात, आणि ती मुंडावळ्या बांधून लग्नाला उभी! गड्यांतून एकजण ओरडतो, "आरं, ही मेल्ती ना?" बायांतून एक म्हातारी तिथल्या तिथे झाडते, "मेल्ती, आली माघारी. तुझं काय जातंय? गप बस की." अक्षता पडतात आणि तिथेच पिच्चर संपतो. त्या रात्री मी दोन भाकरी खाल्ल्या.

तंबूचे मालक तावातावाने आले. "डब्यावर आकडे हायेत, दिसत न्हाईत व्हय?" तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "चुकलं मालक, डबे उलटेपालटे झाले." मग अकोले गावातही चुकलं. त्यापुढच्या गावालाही चुकलं. तुटलेली फिल्म अंधारात नुसत्या बोटांनी जोडणारा माणूस ओळीने प्रत्येक गावात तीच चूक करतो, आप्पा? मालकांचं तोंड सुटायचं आणि तुम्ही ऐकून घ्यायचात, माझ्याकडे न बघता. तेव्हा मला तुमची कीव यायची. आता ऊर भरून येतो.

काल प्रकाशकांना शेवटचं सांगून टाकलं. "पुस्तक याच क्रमाने निघेल, तुमच्याकडे नाहीतर दुसरीकडे." तुम्ही गेल्यावर आता हा कागद कुठे धाडायचा प्रश्नच नाही, चित्रांच्या गठ्ठ्यात ठेवून देईन.

फक्त एक सांगते. तो पिच्चर हल्ली टीव्हीवर लागतो, सगळी रिळं जागच्या जागी. ती खाटेवर टेकली की मी उठते आणि चहा टाकायला आत जाते. चहा कुणालाच नको असतो.