ताटाची डावी बाजू

३ ऑक्टोबर
आज उगीच इथली, आखातातल्या तुबलीच्या किनाऱ्यावरची एक जुनी संध्याकाळ आठवली. आमची प्रज्ञा लहान होती, गाडीच्या मागच्या सीटवर झोपलेली. हे अस्करच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून आलेले, बाह्या काळ्या. चहाचा एक कप सांडला, म्हणून एकातच दोघं प्यायलो. खाडीकडे बघत बसलो.

स्ट्रोकनंतर यांचं जेवण अर्धंच. ठेचा, कांदा, लिंबू तसंच राहतं.
"अहो, ठेचा तिखट झाला का?"
"कुठला ठेचा? केलास कधी?"
मी रुसले. हॉस्पिटलमधून आल्यापासून माझ्या हातचं नकोसं झालंय, असं वाटलं.

७ ऑक्टो.
डॉक्टर म्हणाले, लेफ्ट साइड इनअटेन्शन. डोळे ठीक आहेत, मेंदू डावीकडची दखल घेत नाही. "मॅडम, ही इज नॉट इग्नोरिंग यू."
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर माझ्या प्रगतिपुस्तकावर 'इनअटेन्टिव्ह' लिहायच्या. खिडकीबाहेर बघायचे म्हणून. हाक मारली की मी परत यायचे.
मराठीत काय म्हणावं? दुर्लक्षात मन असतं. अनवधान घटकाभराचं. यांची तर अर्धी दुनियाच...

८ ऑक्टो.
आईने शिकवलं तसंच वाढत आले. भाजी उजवीकडे, ठेचा-कांदा-लिंबू डावीकडे. आज ताट फिरवून ठेवलं. ठेचा चाटूनपुसून खाल्ला. मग म्हणाले, "शालू, नुसत्या ठेच्यावर जेवू का? भाजी करायचा कंटाळा आला वाटतं."
मी हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन बसले.

१९ ऑक्टो.
टोरंटोहून प्रज्ञाचा फोन. "आई, डोन्ट टेक इट पर्सनली. इट्स न्यूरॉलॉजिकल."
बरं.
पलंगावर माझी जागा लग्नापासून यांच्या डावीकडे. सकाळी मी शेजारीच, आणि हे खिडकीकडे तोंड करून हाका मारतायत, "शालू, अगं कुठं गेलीस?" हात धरला. तो डावा. त्यांना कळलंच नाही.

२ नोव्हें.
जे सुधारायचं ते सुधारलं, डॉक्टर म्हणाले. थेरपीवाली निदान इंशाल्ला तरी म्हणाली.
यांची लीव्ह संपली, व्हिसाही संपत आलाय. यांना सांगितलं, आता नागपूरला जायचं.
"यल्ला, चला. पण आधी शालूला विचारा."
डावीकडे उभी होते. मला नर्स समजले असावेत. पलीकडे जाऊन उभी राहायला हवं होतं. पाय उचलला नाही.

१५ नोव्हें.
सामान वाटतेय. शिलाई मशीन इथल्याच, हमद टाउनच्या सुजाताला. बुद्धमूर्ती शुक्रवारी वंदनेला जमणाऱ्या मंडळींना, ओल्या फडक्याने पुसू नये. मिक्सर खालच्या मल्याळी ताईंना, झाकण सैल आहे, दाबून धरावं.
बांगड्या प्रज्ञाला. घालणार नाही, तरी. मी आधी गेले तर हेही तिच्याकडेच. तिने यांच्या उजवीकडे बसावं, इंग्रजीत बोलली तरी चालेल.
यांच्यासाठी काय ठेवायचं, ते अजून ठरत नाही.