पद्मजा मरायच्या आधी

परळ,
बुधवार, १७ सप्टेंबर २०२५

चि. सौ. अक्षदास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं बरं आहे. दादाची साखर आटोक्यात आहे, माझे गुडघे होते तसेच आहेत. गॅलरीतल्या लाद्या अखेर बदलल्या. नव्या इतक्या गुळगुळीत आहेत की सगळा मजला भिंतीला धरून चालतो. विनीतरावांच्या आईंचं डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं ना? त्यांना माझा नमस्कार सांग.

पत्र बघून तू हसशील. आत्याला मोबाइल येतो, व्हॉट्सअॅप येतं, मग हे काय नवीन खूळ, म्हणशील. पण फोनवर तू नेहमीसारखं "आत्या, शॉट लागलाय" म्हणून ठेवून देतेस. मला सांगायचंय ते अर्ध्यावर ठेवण्यासारखं नाही. म्हणून कागद घेऊन बसले. दादा दुपारचा झोपलाय.

आधी तुझं कौतुक करते, म्हणजे पुढचं वाचशील. मालिकेतल्या तुझ्या पद्मजाने आमच्या चाळीला वेड लावलंय. साडेसात वाजले की गॅलरीतून ये-जा बंद. ज्या बायका एरवी नळावरून एकमेकींचं तोंड बघत नाहीत, त्या पद्मजाला शिव्या घालायला मात्र एकत्र बसतात. तू धाकट्या जावेचे रिपोर्ट लपवलेस त्या दिवशी शेजारच्या बकुळाकाकूने हातातली भाजी तशीच टाकली आणि टीव्हीसमोर कडाकडा बोटं मोडली. तिची नात नूपुर मला मोबाइलवर लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचून दाखवते. "हिला एकदा माझ्या ताब्यात द्या." "ही आमच्या सोसायटीत आली तर पाणीसुद्धा विचारणार नाही." लालबागला मसाला कुटायला गेले तर गिरणीवाल्या बाईने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, तुमची भाची घरीपण अशीच आहे का हो? मी म्हटलं, घरी याहून वाईट आहे. बाईला ते खरं वाटलं.

हे सगळं हसण्यावारी नेत होते गं. पण काही महिन्यांपासून हसू येईनासं झालंय.

तुझी मालिका सुरू झाली तेव्हा पद्मजा कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. भुवया उडवणारी, दारामागून ऐकणारी, असतात तशी एक थोरली जाऊ. मग तुझी आई गेली. आणि महिना-दीड महिन्यात पद्मजा बदलली. किल्ल्यांचा जुडगा कमरेला न लावता मुठीत धरून चालायला लागली. खोटं बोलायच्या आधी पदराच्या टोकाने ओठांचा कोपरा टिपायला लागली. उंबरा ओलांडताना क्षणभर थांबून मागे बघायला लागली. लोक म्हणाले, आता ही खरी वाटते. लोकांनी तुझा खरा राग राग करायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

तुला कुणी सांगितलं होतं का तसं करायला? मला नाही वाटत. तुझ्या लक्षात तरी आलंय का, देव जाणे. म्हणूनच इतके दिवस गप्प होते. वाटायचं, सांगितलं तर तू बुजशील, आणि मग ते थांबेल. आणि ते थांबलं तर दादाचं, तुझ्या बाबांचं, काय?

दादा तुझी मालिका बघत नाही असं मी तुला दोनदा फोनवर सांगितलं होतं. ते खोटं होतं. तो रोज बघतो, आवाज बंद करून. तसा आवाज दोन्ही बाजूंच्या खोल्यांतून भिंतीतून येतोच, पण आमचा टीव्ही मुका असतो. पहिल्यांदा मला वाटलं, तुझ्यावरचा राग. वहिनीच्या दहाव्याला तू शूटिंग सोडून आली नाहीस, हे त्याने मनात धरून ठेवलंय, ते तुलाही ठाऊक आहे. "आईच्या दुखण्यात पाहुणीसारखी यायची, दहाव्याला तेवढंही जमलं नाही," एवढं एकच वाक्य बोलला आणि तेव्हापासून तुझं नाव नाही. पण राग असेल तर माणूस टीव्ही लावेल कशाला? हळूहळू माझ्या ध्यानात आलं. आवाज तुझा असतो, म्हणून तो नको. बाकी सगळी शांतावहिनी असते, आणि तिला तो अर्धा तास पापणी न लवता बघतो.

मी भुताखेतांना मानणारी बाई नाही. अँटॉप हिलच्या क्वार्टर्समध्ये तुझे काका गेल्यावर वर्षानुवर्षं एकटी राहिले, कधी दिवा लावून झोपले नाही. पण संध्याकाळी स्वयंपाकघरातून बाहेर येताना टीव्हीकडे नजर गेली की माझ्या अंगावर काटा येतो. मेलेली बाई रोज येते, आणि सगळी चाळ तिला शिव्या घालते.

आणि हे एवढ्यावर राहिलं नाही. बकुळाकाकूच पहिल्यांदा बोलून गेली. वहिनी ओट्याला टेकून उभी राहायची ना, डाव्या हाताची दोन बोटं ओट्याच्या कडेवर दाबून, मान जराशी कलती करून, ओठांवर हसू ठेवून? पद्मजा तश्शीच उभी राहते. तुमचे लोक तिथे ढोल बडवल्यासारखं संगीत वाजवतात, आणि चाळ म्हणते, झालं, हिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. तर बकुळाकाकू म्हणाली की शांतापण अशीच उभी राहायची, मनातलं कधी कळू द्यायची नाही. त्यानंतर एकेकीला आठवायला लागलं. शांताने भिशीत कुणाचा तरी नंबर मागे ढकलला होता. शांताने अमक्या सुनेबद्दल तमकीला सांगितलं होतं. जिने या मजल्यावरच्या निम्म्या पोरांना अंगाखांद्यावर वाढवलं, तिचं वर्षा-दीड वर्षात हे झालं. मी दोन-तीनदा भांडले. मग लक्षात आलं, त्या खोटं बोलत नाहीत. त्यांना खरोखरच तसं आठवतंय.

परवा सोमवारी अविधवा नवमी होती. सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची, ओटी भरायची. मी विधवा, मला त्या पानावर बसता येत नाही. गेल्या वर्षी बकुळाकाकू बसली होती. पहिला घास घेतला आणि हुंदके देऊन रडली होती. यंदाही मी तिलाच गृहीत धरलं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, सगळं तयार करून बोलवायला गेले तर म्हणाली, पाय दुखतात. मी म्हटलं, पाट नको, खुर्चीवर बस. मग पोटाचं निघालं. मी हटून बसले तेव्हा तिने दाराला धरून सांगून टाकलं.

"लक्ष्मी, रागावू नको गो. पण ताटार बसलंय तर समोर माका ती पद्मजाच दिसतली. घास उतरूचो नाय."

दादा माझ्या मागेच उभा होता. मला वाटलं, आता हा आरडाओरडा करणार.  पण तो पुढे झाला, बकुळाकाकूच्या दारातून आत गेला, आणि तिच्या ओट्याच्या कडेवर डाव्या हाताची दोन बोटं ठेवून उभा राहिला. मान कलती केली. अक्षू, माझा भाऊ त्या क्षणी माझ्या भावासारखा दिसत नव्हता.

"हा कट नव्हता बकुळावहिनी," तो म्हणाला. "तिला दुखायचं. कळ आली की ती अशी उभी राहायची, आम्हाला कळू नये म्हणून."

बकुळाकाकू रडायला लागली. दोघी-चौघी दारात येऊन उभ्या होत्या, त्या खाली बघायला लागल्या. दादा मात्र माझ्याकडे वळला.

"लक्ष्मी, मला वाटायचं हे मी एकट्यानेच पाहिलंय. अक्षूने पाहिलं होतं गं. रविवारची तासभर यायची ना, त्यात तिने हे पाहिलं होतं."

दीड वर्षाने त्याच्या तोंडून तुझं नाव आलं. बकुळाकाकू मग आली, जेवली, ओटी घेऊन गेली. त्या संध्याकाळी दादाने टीव्हीचा आवाज मोठा केला. तुझा आवाज आमच्या खोलीत आला तेव्हा मी पोळपाट-लाटणं ठेवून बाहेर येऊन बसले. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू.

इथेच थांबता आलं असतं तर हे पत्र मी लिहिलंच नसतं, फोन केला असता.

काल मंगळवारचा भाग. पद्मजा हॉस्पिटलात, नळ्या लावलेल्या, खोलीत कुणी नाही. चाळीत टाळ्या पडल्या. पद्मजा आता मरणार हे जाहिरातीत दाखवतायत, पेढे वाटायचं ठरलंय. तू खाटेवर पडून होतीस, हात मोकळे. आणि तू उजव्या हाताने डाव्या मनगटावरच्या बांगड्या फिरवायला लागलीस. मनगटात बांगड्या नव्हत्या. एक एक करून तू त्या मागे सारत होतीस.

दादा म्हणाला, हे शांता कधी करायची? मी नाही पाहिलं.

मी आत निघून गेले.

अक्षू, हे त्याने पाहिलेलं नाही. तूही पाहिलेलं नाहीस. हे फक्त मी पाहिलंय. वहिनीचे हात सुजले म्हणून नर्सने तिच्या हिरव्या बांगड्या साबण लावून काढल्या आणि माझ्या रुमालात दिल्या. हे ती गेली त्याच दिवशी, संध्याकाळी झालं. त्यानंतर दादा खोलीबाहेर असला की ती रिकाम्या मनगटावर बांगड्या फिरवत राहायची. मी हे कुणाला, देवासमोरसुद्धा, बोलले नाही. मग ते तुझ्या हातात कुठून आलं? तुमच्या दिग्दर्शकाने सांगितलं असेल तर तसं कळव. बांगड्या काढलेली कुठलीही बाई असंच करत असेल, असं मी रात्रभर स्वतःला समजावलंय. मला भीती वाटते गं. वयाने मोठी असले तरी सांगायला लाजत नाही.

पण माझी भीती बाजूला राहू दे. आता दादाने पक्कं धरलंय की पद्मजाच्या हातून होतं ते सगळं शांताचं. आज सकाळी चहा घेताना मला म्हणाला, "अक्षूला विचार, पद्मजा जाते तेव्हा तिला त्रास होतो का. मला आधी कळलं तर बरं." अक्षू, तू जशी मरशील तशी त्याची बायको मेली, असं तो धरून चालणार आहे. वहिनी गेली तेव्हा तो खोलीत नव्हता. शहाळं आणायला खाली गेला होता. शहाळेवाल्याने सुटे नाहीत म्हणून थांबवलं, त्यात ती गेली, असं तो मानतो. तेवढ्या उशिरासाठी तो आजही स्वतःला खातो.

तर आता ऐक. ती शेवटचं बोलली ते माझ्याशी. शहाळं तिनेच मागितलं होतं. तिच्या घशाखाली तेव्हा चमचाभर पाणी उतरत नव्हतं. तो जिना उतरला तसा तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "त्यांना मीच पाठवलं. आता हाक मारू नको. त्यांना हे बघवायचं नाही." मी दाराकडे बघितलं तर तिने हात आणखी घट्ट धरला. त्रास झाला, अक्षू. थोडा वेळ, पण झाला. ओट्याशी उभी राहून हसायची तसं हसणं तिला तेव्हा जमलं नाही, म्हणूनच तिने त्याला खाली पाठवलं. तो उशिरा आला नव्हता. तिने वाट बघितली होती ती त्याच्या जाण्याची.

हे मी त्याला एकटीने सांगू शकत नाही. सांगितलं नाही तर तो पुढच्या आठवड्यात तुझ्या तोंडाकडे टक लावून बसेल आणि तुझ्या हातून काय निघेल ते मलाही सांगता येत नाही, तुलाही नाही. त्याला हे टीव्हीवरून कळता कामा नये. आपण दोघींनी त्याच्या दोन बाजूंना बसून सांगायचं. तो मोडला तर धरायला दोघी हव्यात.

तुझ्या त्या सीनचं शूटिंग कधी आहे ते मला माहीत नाही. रजा मिळत नसेल तर भांड, आजारी पड, काहीही कर. पण सेटवर मरायच्या आधी एकदा घरी ये.

वहिनीने सोडेपर्यंत जिचा हात तिच्या हातात होता, ती तुझी
लक्ष्मीआत्या