कोरी कॉफी

रविवार, १ मार्च
नातीचा फोन, मेलबर्नहून. पूर्वीला तिथे धड बसायची जागा नाय. खोलीत चार पोरी, अभ्यास करणार कुठे? म्हणून कॉफीची दुकानं शोधत फिरते. आज फोन फिरवून दाखवलं — जो तो कोरी पितोय, दुधाचा थेंब नाय. मी म्हटलं, "कोण मेलं गं?" आमच्यात मयताच्या घरीच कोरा चहा. पोरगी खोकेपर्यंत हसली.
हे दुकान पण बेकार. जरा बसलं की टेबल पुसायला येतात. म्हंजे ऊठ.

मंगळवार, ३ मार्च
परेश जेवताना म्हणतो, "आये, पूर्वीला सांग, बरं वाटत नाय. तुझ्यासाठी धावत येईल." तळोज्याचं स्थळ आलंय तिला. एकदा आली की हा बाप परत जाऊ देणार नाय, तोंडावरच दिसतंय. मी म्हटलं, "तुझ्यापेक्षा एक भाकरी जास्तच खाते मी." गळाला लावायला मी काय कोलंबी हाय?

रविवार, ८ मार्च
फोन चालू असताना परेश समोर उभा राहून खुणा करत होता — खोक, खोक. मी मोठ्याने म्हटलं, "पूर्वे, तुझा बाप मला खोकायला सांगतोय." त्याची बायको, रंभा, तोंडात पदर कोंबून आत पळाली.
पूर्वीला सांगितलं, पाटी बघून जाऊ नको. उलव्याला बघ, गवंडी पितात तिथला चहा कधी वाईट नसतो. ती म्हणाली, "आजी, इथले गवंडी सकाळी सहाला कॉफी पितात." मग जा की सहाला.

बुधवार, ११ मार्च
परेशने परस्पर कळवलं, आजी अंथरुणाला लागली. पोरगी रडत होती, तिकीट काढते म्हणाली. मेल्या!
रिक्षा केली, खांदा कॉलनीत उतरले. काचेचं कॉफीचं दुकान. तिथून तिला फोन लावला — हे बघ माझं अंथरूण. कॉफीवर फेसाचं पान काढलेलं. मोडून प्यायले. पोऱ्या विचारतो, "आजी, एकट्याच?" म्हटलं, "का, उठवतोस काय?"
आता दर रविवारी इथूनच बोलणार.

रविवार, १५ मार्च
रंभा म्हणते, "आई, चोळ्या सैल झाल्या तुमच्या." धुऊन ताणल्या असतील.

रविवार, २२ मार्च
सापडलं तिला! पिवळ्या जाकिटातले बांधकामवाले सकाळी उभ्याने पिऊन जातात, मग टेबलं रिकामी. मालकीण म्हातारी, कुणाला उठवत नाय. पूर्वी म्हणाली, "आजी, शिकून झालं की इथेच नोकरी बघते." बघ म्हटलं. परेश माझ्याशी बोलत नाय. घरात शांतता हाय.

गुरुवार, २ एप्रिल
रंभाने ओढत दवाखान्यात नेलं. फोटो काढले पोटाचे. डॉक्टर माझ्याकडे नाय, तिच्याकडे बघून म्हणाला, "कोणी बाहेरगावी असेल तर आता बोलावून घ्या."
बाहेर आल्यावर म्हटलं, "परेशला कळलं तर तुझी पोर तळोज्यात जाईल. बघ बाई." तिने रिक्षात माझा हात सोडला नाय.

रविवार, ५ एप्रिल
खांदा कॉलनी. पूर्वी म्हणाली, "तब्येत?" म्हटलं, "ठणठणीत." तिने कपात बघितलं. "आजी, तू पण ब्लॅक?" म्हटलं, "सवय करते." पोरगी परत खोकेपर्यंत हसली.
रंभा समोर बसलेली, फोनात दिसणार नाय अशी. तिने पण कोरीच मागवली.